सहा हातांच्या राक्षसाचे वार

सहा हातांच्या राक्षसाने लढाईच्या एका फेरीत किती वार करावेत, यावरून मी माझ्या सख्ख्या भावाशी भांडले, आणि ते भांडण मी अजूनही मागे घेतलेलं नाही. लोक जमिनीवरून भांडतात, आईच्या दागिन्यांवरून भांडतात. आम्ही राक्षसाच्या हातांवरून भांडलो. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

जास्तीच्या हातांचा मला आधीपासूनच राग आहे. महिला दिनाला आमच्या ऑफिसने सगळ्या बायकांना एकेक मग वाटला होता. त्यावर दहा हातांच्या बाईचं चित्र. एका हातात लॅपटॉप, एकात कढई, एकात बाळ, एकात फोन, एकात झाडू, आणि चेहऱ्यावर हसू. चित्र काढणाऱ्याने तिला दहा हात दिले, पण बसायला एक खुर्ची काही दिली नाही. बाकीच्या बायकांनी त्या मगासोबत फोटो काढले. मी तो घरी आणला आणि फिनेल मोजायला बाथरूममध्ये ठेवून दिला.

आता खेळाबद्दल सांगते, म्हणजे भांडण कळेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. गुहा, जंगलं, राक्षस, सगळं त्याच्या ताब्यात. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. "तू आता काय करतेस?" असं सूत्रधार विचारतो, आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. लढाई लागली की फेऱ्या सुरू होतात. एका फेरीत प्रत्येकाची एक टर्न आणि टर्नमध्ये एक वार. पात्र मेलं की मेलं, परत मिळत नाही. वर्षानुवर्षं तेच पात्र खेळवलेलं असतं, त्यामुळे ते गेलं की मोठी माणसंही जेवायला उठत नाहीत.

आमचा सूत्रधार म्हणजे माझा धाकटा भाऊ. हा खेळ त्याने कॉलेजातून घरी आणला आणि सूत्रधाराची खुर्ची तेव्हापासून त्याने कुणाला दिलेली नाही. राहतो बेंगळुरूत हेब्बाळला, गॅलरीतून तळं दिसतं अशा फ्लॅटमध्ये. खेळाडू आम्ही तिघं. मी, माझी भावजय, आणि माझ्या ऑफिसातला एक पुणेकर. पुणेकराला नियमांचं पुस्तक तोंडपाठ आहे, आणि बेंगळुरूत त्याला आवडलेली एकही गोष्ट मला अजून कळलेली नाही. आमचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं, घरात मराठी आणि दारात कन्नड, त्यामुळे आमच्या बोलण्यात दोन्हींची खिचडी असते. त्या खिचडीला तो हसतो आणि माझी फिल्टर कॉफी मात्र दोनदा मागून घेतो. मी सहन करते, कारण तिसरा खेळाडू मिळणं सोपं नाही.

खेळ माझ्याकडे, मारतहळ्ळीला, रविवारी दुपारी. माझ्याकडे, कारण अप्पा माझ्याकडे.

अप्पांचं चिकपेटमध्ये साड्यांचं आणि ब्लाउजच्या कापडाचं दुकान होतं. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, दुकान विकून टाकलं आणि अप्पा माझ्या घरी आले. "स्वल्प दिवस ठेव अक्का," असं भाऊ म्हणाला होता. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मी लग्न केलेलं नाही, आणि लग्न न केलेल्या बाईचे हात रिकामे असतात असा आमच्या घराण्याचा पक्का समज आहे. मी ऑफिसला जाते तेवढ्या वेळापुरती एक बाई येऊन बसते. सकाळचं उठवणं, अंघोळ, रात्री पलंगावर निजवणं हे सगळं मी करते. भाऊ रविवारी येतो, अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून "काय अप्पा, कसं काय?" म्हणतो आणि फासे काढतो.

दुकानातून अप्पांनी एकच वस्तू घरी आणली, कापड मोजायचा लोखंडी गज. गिऱ्हाईक घासाघीस करायचं, अप्पा सगळं ऐकून घ्यायचे, शेवटचा भाव सांगायचे आणि गज गादीपुढच्या फळीवर आपटायचे. एकदाच. मग गिऱ्हाईक रुसून उठलं तरी भाव उतरायचा नाही, आणि चुकून कमी बोलून बसले असले तरी चढायचा नाही. तोटा झाला तर मुकाट्याने सोसायचे. चिकपेटमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं. भावाने तोच रिवाज खेळात आणला. एखाद्या नियमावरून वाद झाला की तो दोन्ही बाजू ऐकतो, निर्णय देतो आणि गज टेबलावर वाजवतो. त्यानंतर बोलायचं नाही. पुणेकराला हे अजिबात पटत नाही. "अरे, पुस्तकात छापलंय ना, मग हा गज कशाला?" असं तो दर वेळी म्हणतो, आणि गज वाजला की गप्प बसतो.

माझं पात्र म्हणजे एक योद्धी. मागे एकदा एका म्हातारीने दिलेलं औषध पिऊन तिला आणखी दोन हात फुटले. मी खुर्चीतून उठून नाचले. चार हात, चार तलवारी! भाऊ मान हलवत होता.

"हात वाढले अक्का, वेळ नाही वाढला. डोकं एकच, जीव एकच. एका फेरीत वारपण एकच."

"मग बाकीच्या हातांचं काय लोणचं घालू?"

"धर की त्यांत काहीतरी."

आणि गज वाजला. मी बराच वेळ फणफणत राहिले, पण मनातून मला नियम पटला होता. तेव्हापासून माझी योद्धी एका हातात तलवार धरते, आणि बाकीच्या तीन हातांत मशाल, दोर आणि भावजयीच्या चेटकिणीची जडीबुटीची पोतडी. चिखल लागला की पुणेकराचा चोर आपले बूटही तिलाच देतो. "तुला हात आहेत ना," म्हणतो.

मग माझा उजवा खांदा धरला. आधी ओढणी घेताना दुखायचा, पुढे केस बांधता येईनात. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितला, तो अर्ध्यात अडकला. काही महिने अजिबात वजन उचलायचं नाही, नाहीतर हा हात कायमचा असाच राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी काय उचलता, असंही विचारलं. मी सांगितलं, "वडील."

त्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मी भावाला स्वयंपाकघरात गाठलं. खांद्याचं सांगितलं. म्हटलं, काही महिने अप्पांना तुझ्याकडे ने. उपकार म्हणून नको, तेही तुझेच वडील आहेत.

"आमच्याकडे कसं जमेल अक्का? दोघंही कामाला जातो. आणि अप्पांना इथली सवय झालीय. तुझं कसं सगळं बसलंय, औषधं, पथ्य, सगळं. तुला दहा हात आहेत गं. आम्हाला नाही जमत तसं."

हे तो कौतुकाने म्हणाला. आवाजात प्रेम होतं, हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा एक हात वर जात नाहीये, सांगितलं ना आत्ता?"

"सरी, सरी, कळलं. दुखायचं थांबेल. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की." आणि त्याने चकल्यांची ताटली माझ्या डाव्या हातात दिली. "ही घेऊन ये, मी फासे काढतो."

आवळा देऊन कोहळा काढणारी माणसं मी पाहिली आहेत. हा तर आवळाही देत नव्हता, कोहळा उचलायला मलाच सांगत होता.

आम्ही खेळायला बसलो. अप्पांची चाकाची खुर्ची नेहमीसारखी टेबलाच्या कोपऱ्याशी होती. खेळाकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं असा आमचा सगळ्यांचा समज होता. ते खिडकीबाहेर बघत असतात, मधेच डोळा लागतो. भाऊ मात्र रंगात आला होता. गुहा, ओल, हाडांचा सडा, आणि अंधारातून पुढे येणारा राक्षस. सहा हात, प्रत्येक हातात वेगळं हत्यार. सगळ्यात पुढे माझी योद्धी, कारण मशाल तिच्याकडे.

भावाने राक्षसासाठी फासा टाकला. "परशूचा वार. लागला." माझं बरंच रक्त गेलं. त्याने परत फासा उचलला. "आता दुसरा हात. गदा."

"थांब," मी म्हटलं. "दुसरा कसा?"

"सहा हात, सहा वार."

"माझ्या चार हातांना एक, आणि याच्या सहांना सहा?"

"तो राक्षस आहे अक्का."

"मग? त्याला डोकी किती?"

"एक."

"जीव?"

"ए, असं वकिलासारखं करू नकोस. राक्षसांची गोष्ट वेगळी."

पुणेकराने घसा साफ केला. "टेक्निकली, पुस्तकात प्रत्येक राक्षसाच्या पानावर त्याचे वार दिलेले असतात. हातांचा काही संबंध नसतो. याचं पान कुठलं?"

"हा पुस्तकातला नाही. मी बनवलाय."

"मग झालंच," पुणेकर म्हणाला आणि त्याने चकली घेतली.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता बाब्या समोर गुहेत उभा होता आणि उरलेले पाच वार पडले असते तर माझी योद्धी तिथेच मेली असती. पण मला तेव्हा योद्धीचं सुचतच नव्हतं.

"ऐक," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "हातात हत्यार आहे म्हणून वार होत नाही. वार करायचा तर तिकडे बघावं लागतं, पाय रोवावे लागतात, अंग वळवावं लागतं. सहाही हात एकाच अंगाला फुटलेत. अंग इकडे वळलं की तिकडचे हात नुसते लोंबतात. रोज सकाळी मी अप्पांना उठवत असते आणि तिकडे कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत असतो. दहा हात असते तरी तो तसाच मारत बसला असता. कारण मी तिथे नसते, मी इथे असते! काखेत हात घालून उभी असते!"

"खेळात घरचं आणू नकोस."

"आणलंस तू! मघाशी आत कुणाला दहा हात दिलेस? दुसऱ्याला हात वाटायला तुझं काय जातं? जितके लागतील तितके दे. म्हणजे तुझे दोन खिशात घालून बसायला तू मोकळा!"

भावजय फासा बोटांत फिरवत होती. तिने वर बघितलं नाही. भावाचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसेच.

"सूत्रधार कोण आहे इथे?" तो म्हणाला. "मी. राक्षसाला सहा वार. विषय संपला." आणि त्याने गज उचलला.

गज खाली आलाच नाही. अप्पांचा डावा हात वर गेला होता आणि त्यांनी गजाचं टोक धरलं होतं. झटक्यानंतर अप्पांना बोलायला वेळ लागतो. शब्द एकेक करून येतात आणि आम्ही घाईने त्यांची वाक्यं पुरी करून टाकतो. त्या दिवशी कुणी तसं केलं नाही.

"वाजलाय," अप्पा म्हणाले.

"काय वाजलाय अप्पा?"

"मागे. हिला... हात फुटले तेव्हा. हात वाढले, वेळ नाही वाढला. तूच म्हणालास." त्यांनी दम घेतला. "वाजल्यावर भाव बदलत नाही."

"अप्पा, तो वेगळा नियम होता. हा राक्षस आहे."

"राक्षसाला तोच." गज त्यांनी सोडला नव्हता. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हिलापण तोच. माझी बॅग भर. हेब्बाळला जातो."

मी जिंकले होते, आणि मला जराही आनंद झाला नाही. ज्या माणसाला उचलण्यावरून मी ओरडत होते तो माणूस हाताच्या अंतरावर बसून सगळं ऐकत होता. काखेत हात घालून, असं मी म्हटलं होतं. ते शब्द आता परत घेता येणार नव्हते. मी अप्पांजवळ जाऊन "तसं नव्हतं म्हणायचं मला" असं काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, "तसंच होतं. खरं आहे ते." रागाने म्हणाले नाहीत, दुकानात एखाद्या कापडाचा रंग जाईल की राहील हे जसं सांगायचे तसं म्हणाले.

मला रडू आलं. पण "जाऊ दे अप्पा, राहा इथेच" हे शब्द ओठांवर आले होते ते मी गिळले. ते बोलले असते तर त्या संध्याकाळीच भाऊ गाणं गुणगुणत एकटा हेब्बाळला निघून गेला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बॅगही मी भरली नाही. भावाला भरायला लावली. अप्पांचे बनियन कुठल्या खणात असतात हे त्याला माहीत नव्हतं. रात्रीची गोळी कुठली, सकाळची कुठली, तेही माहीत नव्हतं. पुणेकराने आणि त्याने मिळून खुर्ची लिफ्टमध्ये घातली. अप्पांनी गज मांडीवर आडवा धरला होता. राक्षसाचा एकच वार झाला होता आणि फेरी तशीच अर्धी राहिली होती.

पुढच्या रविवारी खेळ हेब्बाळला झाला. मी पहिल्यांदाच हातात काही न घेता कुठेतरी पोहोचले. अप्पा पलंगावर होते, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. मला बघून हसले. भावाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने मला "ये" एवढंच म्हटलं. आमच्यात अजून नीट बोलणं नव्हतं, आणि मला ते सुरू करायची घाईही नव्हती.

"तर," तो खुर्चीत बसत म्हणाला, "राक्षस गुहेत तसाच उभा आहे. नवी फेरी, पहिली टर्न त्याची. तो परशू उचलतो आणि..."

आतून अप्पांनी हाक मारली. त्यांना बाथरूमला जायचं होतं. भाऊ उठला. बऱ्याच वेळाने आला, बाह्या ओल्या.

"हं. परशू उचलतो..."

दूध उतू गेल्याचा वास आला. तो पळाला. भावजयीने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी तिच्याकडे बघतेय हे तिला कळलं असावं.

"माझ्याकडे बघू नका अक्का. आठवडाभर मीपण केलंय. रविवार त्यांचा, असं ठरलंय."

भाऊ हात पुसत परत आला, बसला, फासा हातात घेतला, आणि अप्पांच्या गोळीची वेळ झाल्याचा गजर फोनवर वाजला. त्याने फासा ठेवला आणि फोनकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. तो आत गेला.

"टेक्निकली," पुणेकर म्हणाला, "सूत्रधार असा उठून गेला तर राक्षसाची टर्न जाते का?"

"जाते," भावजय म्हणाली. "अक्का, तुमची टर्न."

मी फासा उचलला आणि तेवढ्यात आतून भावाचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग धापा टाकत, "अक्का! स्वल्प ये गं. जरा हात लाव!"

मी उठलेच होते. विचार करून नव्हे, पाय आपोआप उठले. इतकी वर्षं ते असेच उठत आले होते. खांद्यात कळ आली आणि मी टेबलाला धरून थांबले.

मग अप्पांचा आवाज आला. शब्द सावकाश येत होते, पण बाहेरपर्यंत नीट ऐकू आले.

"तिला नको बोलावू. तिची टर्न आहे. तू धर. घट्ट धर."

मग भाऊ म्हणाला, "असं, अप्पा? काखेत?"

"हं. तसंच."

मी खाली बसले. गुहेत राक्षस सहाही हात वर करून उभा होता आणि त्या दिवशी त्याला एकही वार करता आला नव्हता. मी डाव्या हाताने फासा टाकला.